जनरेटरवर आधी कोण?

‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. कॅनडातल्या क्ले एंटरटेनमेंट या कंपनीने तो ३० जुलै २०१९ रोजी पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. एका लघुग्रहाच्या पोटात तीन माणसे अडकली आहेत, भोवती खडक आहे, थोडे पाणी, थोडे खाणे आणि पोकळीत भरलेला थोडा प्राणवायू आहे, अशी त्याची सुरुवात. खेळणाऱ्याने खणायचे, झोपायला खाटा मांडायच्या, संडास बांधायचा, हात धुवायची सोय करायची आणि वीज तयार करायची. ही वीज सुरुवातीला एका चाकात माणूस पळवून मिळते, ४०० वॅट. पुढे कोळशाचे जनित्र येते, ते ६०० वॅट देते. शेवाळापासून प्राणवायू काढणारे यंत्र १२० वॅट खाते. साध्या तारेवर १००० वॅटपेक्षा जास्त भार पडला की तार खराब होते आणि वस्तीत अंधार होतो.

बदलापूर-अंबरनाथकडच्या कॉलेजातल्या मुलांना असले खेळ नवीन नाहीत. त्यांच्या आईवडिलांची तक्रारही नवीन नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे, हे खरे. मात्र खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, हे साधारण बारा महिने चालले तरच त्याला आजार म्हणतात. परीक्षा संपल्यावर दोन रात्री जागलेला मुलगा रोगी ठरत नाही. त्याला या खेळातून एक गोष्ट कळलेली असते, जी त्याच्या सोसायटीच्या कमिटीला बहुधा कळलेली नसते.

नवशिका खेळाडू सगळी यंत्रे एकाच तारेला जोडतो. दिवे, स्वयंपाकघर, संशोधनाचे टेबल, प्राणवायूचे यंत्र, सारे एकत्र. मग भार वाढतो, वीज जाते आणि प्राणवायूही थांबतो. दोनतीनदा वस्ती गमावली की तो शहाणा होतो. प्राणवायूच्या यंत्राची तार वेगळी काढतो, त्याला स्वतंत्र बॅटरी देतो, आणि शोभेचे दिवे गेले तर जाऊ देतो. बॅटरीतली वीज नुसती पडून राहिली तरी गळते, हेही त्याला खेळच शिकवतो. त्यामुळे वीज साठवण्याऐवजी तो प्राणवायू आणि पाणीच साठवून ठेवतो.

आता बदलापुरातली एखादी सात मजली इमारत घ्या. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या १,७४,२२६ होती. त्यानंतर जनगणना लांबली, पण इमारती थांबल्या नाहीत. वीज महावितरणची. पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे, उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून पंपाने उचललेले. ते इमारतीच्या टाकीत आले की पुन्हा पंपाने गच्चीवर चढवायचे. म्हणजे वीज गेली की मागोमाग पाणीही जाते. यावर उपाय म्हणून सोसायटीने डिझेल जनरेटर घेतलेला असतो. त्यावर काय जोडलेले असते? लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे. चौथ्या मजल्यावर फुप्फुसाच्या जुन्या आजाराचा एखादा रुग्ण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतो. त्याच्या घरात जनरेटरची वीज येत नाही. तो घरच्या इन्व्हर्टरवर.

इन्व्हर्टरचा हिशेब सोपा आहे. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट घेतो. १५० अँपिअर-अवर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. तूट धरून हाती १२०० आले तरी पुष्कळ. म्हणजे बॅटरी नवी असेल आणि घरातले पंखे, टीव्ही, वायफाय सगळे बंद असेल तर साडेतीन तास. जुन्या बॅटरीवर, दोन पंख्यांसह, दीड तास गेला तरी नशीब. तासाभरात वीज येणार असेल तर निभावते. पावसाळ्यात फीडर पडला आणि दुरुस्तीला सहा तास लागले, तर पुढचे तास कसे काढायचे हे त्या घराने ठरवलेले नसते.

ही उणीव नुसती सोसायटीची नाही. रुग्णालयातून घरी सोडताना कार्डावर ‘घरी ऑक्सिजन, मिनिटाला दोन लिटर’ असे लिहिले जाते. घरी वीज किती वेळा जाते, इन्व्हर्टर आहे का, सिलिंडर कोण आणून देईल, हे विचारायचे राहून जाते. औषधाचा डोस लिहायचा आणि ते कशाने द्यायचे ते सोडून द्यायचे, असा हा प्रकार आहे. सरकारी असो की खासगी, डॉक्टरांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

वीज अपुरी पडली की आधी कोणाला द्यायची हा प्रश्न महाराष्ट्राने पूर्वी सोडवला होता, पण वेगळ्या मोजपट्टीने. भारनियमनाच्या वर्षांत फीडरचे गट केले होते. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. वीज कंपनीच्या हिशेबाने ते बरोबर असेल. पण एखाद्या फीडरखाली किती रुग्ण यंत्रावर आहेत, हे त्या मोजपट्टीत कुठेच नव्हते. पुढे १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस होते, ऑक्सिजनवरचे रुग्ण वॉर्डात होते. अशा वेळी मुंबईने मोठ्या जाळ्यापासून स्वतःला तोडून घ्यावे आणि स्वतःच्या वीजकेंद्रांवर महत्त्वाचा भार चालू ठेवावा, अशी ‘आयलंडिंग’ नावाची व्यवस्था होती. त्या दिवशी ती टिकली नाही. खेळातल्या मुलाने प्राणवायूची तार वेगळी काढली, तीच ही कल्पना, शहराच्या मापाने केलेली. पण बदलापूरच्या चौथ्या मजल्यापर्यंत ती कोणीच नेलेली नाही.

ती नेणे अवघड नाही. लिफ्टच्या मोटारीचा भार किलोवॅटमध्ये मोजतात. कॉन्सन्ट्रेटर तासाला एक तृतीयांश युनिट घेतो. जनरेटरच्या पॅनेलपासून त्या घरात एक स्वतंत्र तार आणि एक सॉकेट नेणे हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे एका दिवसाचे काम आहे. ‘आमच्या मेंटेनन्समधून त्यांचे मशीन का चालवायचे?’ असा प्रश्न सर्वसाधारण सभेत हमखास येईल. त्याला उत्तर असे की आवारातले दिवेही सगळ्यांच्या पैशाने चालतात आणि ते दोन तास विझले तर कोणाला धाप लागत नाही. फार तर त्या घराकडून डिझेलचा वाटा घ्यावा. तत्त्वाचा प्रश्न करून सॉकेट अडवू नये.

सॉकेट मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, दुसरा मार्ग मोकळा आहे: वीज न साठवता प्राणवायू साठवणे. ‘बी’ प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीपेक्षा हा साठा मोठा आहे आणि तो तारेवर अवलंबून नाही. मात्र दोन गोष्टी घरच्यांना आधीच सांगितल्या पाहिजेत. धाप वाढली म्हणून घाबरून प्रवाह वाढवत नेऊ नये. धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे गेलेल्या अनेक रुग्णांत जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि माणूस गुंगीत जातो. अशा रुग्णांसाठी बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ हा आकडा पुरेसा धरतात. प्रवाह डॉक्टरांनी लिहिला तेवढाच ठेवावा. तेवढ्यावर आकडा राहत नसेल तर १०८ ला फोन करावा. दुसरी गोष्ट, वीज गेली की आपल्या घरांत पहिला हात मेणबत्तीकडे जातो. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती नको, निरांजन नको, उदबत्तीसुद्धा नको.

काही रुग्णांची विजेची गरजच कमी करता येते. दम्याच्या रुग्णाकडे घरात नेब्युलायझर असतो आणि वीज गेली की तो बंद पडतो. पण स्पेसर लावलेला साधा पंप नीट घेतला तर बहुतेक वेळा तेवढेच काम करतो, विजेशिवाय. वाफेचा आवाज आणि धूर दिसतो म्हणून नेब्युलायझरवर लोकांचा विश्वास जास्त, इतकेच. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचे सीपॅप यंत्र मुळात फार वीज खात नाही. खातो तो त्यातला पाणी तापवणारा भाग. इन्व्हर्टरवर असताना तो बंद ठेवता येतो का, हे यंत्र देणाऱ्याला आधीच विचारून ठेवावे.

थंडावाही साठवता येतो. आरोग्य केंद्रांत लसी ठेवायला जो आइस-लाइन्ड फ्रीज असतो, त्याच्या भिंतीत बर्फाचे अस्तर असते. दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तो आतले तापमान सांभाळतो. बर्फ हीच त्याची बॅटरी. घरातल्या साध्या फ्रीजचे दार उघडले नाही तर तोही साधारण चार तास थंडावा धरतो. म्हणून वीज गेल्यावर ‘इन्सुलिन खराब तर झाले नाही ना’ हे बघायला दर अर्ध्या तासाने दार उघडणे हाच त्यातला सगळ्यात वाईट उपाय. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, खोली २५ ते ३० अंशांच्या पुढे जात नसेल तर. इथे बदलापूरचा उन्हाळा आडवा येतो. समुद्रापासून लांब असल्याने एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा मातीच्या मडक्याचा उपाय चांगला चालतो, कारण कोरड्या हवेत पाणी लवकर उडते आणि मडके गार राहते. जुलैत, हवा ओलीचिंब असताना, तेच मडके फारसे काही करत नाही. बर्फावर थेट ठेवलेले इन्सुलिन गोठले तर मात्र ते टाकूनच द्यावे.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो आणि तो जनरेटरचाच. पाणी भरू लागले म्हणून जनरेटर उचलून जिन्याखाली किंवा बंद खोलीत ठेवला की धुरातला कार्बन मोनॉक्साइड इमारतीत शिरतो. वर सांगितलेल्या खेळात जड कार्बन डायऑक्साइड खाली साचतो आणि खेळाडू त्याच्यासाठी खड्डा खणून मोकळा होतो. कार्बन मोनॉक्साइड तसा वागत नाही. त्याचे वजन हवेइतकेच असते, त्याला वास नसतो आणि तो जिन्याने वर चढतो. डोके दुखते, मळमळते. झोपलेला माणूस तर जागा होत नाही. जनरेटर उघड्यावरच हवा आणि पूररेषेच्या वर हवा. मीटरची खोली तळमजल्यावर असेल तर पाणी चढण्याआधी मेन स्विच कोण पाडणार, याचेही नाव ठरलेले हवे. उल्हासचे पाणी बदलापुरात शिरल्याची वर्षे लोकांना तोंडपाठ आहेत: २००५, २०१९, २०२१.

२०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. २७ जुलैला एक हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढले, त्यांत नऊ गर्भवती होत्या. तास न् तास गाडीत प्यायला पाणी नव्हते. कोणाच्या पिशवीत इन्सुलिन आहे, कोणाला रक्तदाबाची गोळी वेळेवर हवी, हे कळायला मार्ग नव्हता. गाडीत बसलेल्या अनोळखी माणसांबद्दल ते समजण्यासारखे आहे. पण दहा वर्षे एकाच जिन्याने चढणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल तेवढेच अज्ञान असते, हे समजून घेणे कठीण जाते.

खेळात एक कळ दाबली की पडद्यावर प्राणवायू कुठे कमी आहे ते दिसते, दुसरी दाबली की विजेच्या तारा दिसतात. इमारतीत ही कळ नाही. एक यादी करावी लागते. कोणत्या घरात विजेवरचे वैद्यकीय यंत्र आहे, किती वॅटचे, इन्व्हर्टरवर किती वेळ चालते, अंथरुणाला खिळलेले कोण आहे. आजाराचे नाव लिहायची गरज नाही. लोकांना आपले दुखणे नोटीस बोर्डावर नको असते आणि ते रास्तच आहे. ही यादी सचिवाच्या कपाटात राहावी आणि नाव देणे ऐच्छिक असावे. ब्रिटनमध्ये वीज कंपन्या अशा ग्राहकांची ‘प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर’ नावाची नोंदवही ठेवतात आणि वीज बंद करायची असेल तर त्यांना आधी कळवतात. महावितरण नोंदलेल्या मोबाइलवर वीज बंदचे संदेश आताही पाठवते. ग्राहक क्रमांकापुढे ‘घरात वैद्यकीय यंत्र’ असा एक रकाना वाढवला, तर देखभालीसाठी फीडर बंद करण्याआधी त्या घराला एक फोन जाऊ शकेल आणि दुरुस्तीच्या क्रमात तो फीडर वर येईल. त्याला नवे धरण लागत नाही की नवे वीजकेंद्र.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्या घरात सिलिंडर आहे, तिथे घरातल्या दोघांनी आणि शेजारच्या एकाने तो उघडायला शिकून घ्यावा. महिन्यातून एकदा प्रेशरचा काटा बघावा. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला असावा, आणि त्याची चावी त्यालाच दोरीने बांधून ठेवावी. अंधारात सगळ्यात आधी सापडेनाशी होते ती चावीच.