मोठी रायफल, कच्चा नेम

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. तेवढ्यासाठी पाच लाखांहून अधिक माणसे परवाने काढतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या अख्ख्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणे जेमतेम पाच लाख उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. बहुतेक भागांतून लांडगे गेले, शेते आणि उपनगरे पसरली, आणि मका-सोयाबीनवर पोसलेली हरणे वर्षाला दहा लाखांहून अधिक वेळा वाहनांपुढे येऊ लागली. शिकार हा तिथे वन्यजीव खात्याच्या कारभाराचाच भाग आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे वाचून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण हरीण मारायचेच ठरले असेल, तर त्याला कमीत कमी यातना कशा होतील हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे निम्मे उत्तर रायफल विकत घेताना दिले जाते. ते बहुतेकदा चुकते, कारण घेणारा हरणाकडे बघून निवड करतो. त्याने आपल्या खांद्याकडे बघायला हवे.

रायफल बोल्ट-ॲक्शनच का हवी, यावर फार खल करायला नको. जर्मनीच्या पॉल माउझर यांची १८९८ ची रचना आजच्या रायफलींतही ओळखू येते. मूठ उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे सारून खाली दाबली की नवे काडतूस नळीत जाते आणि बोल्टचे दात खाचेत घट्ट बसतात. पहिल्या महायुद्धात अशा रायफली हाताळून आलेले अमेरिकी सैनिक शिकारीलाही तशाच मागू लागले. १९३६ मध्ये विंचेस्टरची मॉडेल ७० आली, १९६२ मध्ये रेमिंग्टनची ७००. पेनसिल्व्हेनियात तर मोठ्या जनावरांसाठी अर्धस्वयंचलित रायफल चालतच नाही. बोल्टची दुसरी गोळी सावकाश सुटते, असा तिच्यावर आक्षेप असतो. मला तो गुण वाटतो. हातात लगेच दुसरी गोळी नाही हे माहीत असलेला माणूस पहिलीला जास्त जपतो.

रायफलीच्या अचूकतेबद्दल दुकानदार जेवढे बोलतात, तेवढे बोलण्याजोगे आता त्यात काही राहिलेले नाही. सॅव्हेज ॲक्सिस किंवा रुगर अमेरिकन यांसारखी चार-सहाशे डॉलरची रायफलसुद्धा शंभर मीटरवर चार-पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या घालते. हरणाच्या खांद्यामागे हृदय आणि फुप्फुसांची जी जागा असते, तिचा व्यास साधारण वीस सेंटिमीटर. म्हणजे स्वस्तातली रायफलसुद्धा दोनशे मीटरवर आपले काम चोख करते, आणि पूर्वेकडच्या दाट जंगलात बहुतेक हरणे शंभर मीटरच्या आतच मारली जातात. दोन हजार डॉलर मोजून घेतलेल्या रायफलीतून वर्तुळ अडीच सेंटिमीटरवर आले, तर त्याचा आनंद चांदमारीच्या मैदानावर बाकाला टेकून बसलेल्या माणसाला होईल. थंडीत आखडलेल्या बोटांनी, धापा टाकत, झाडाच्या बुंध्याला टेकून नेम धरणाऱ्याची स्वतःची चूक त्या फरकाच्या कितीतरी पट असते. ती चूक कशाने वाढते आणि कशाने कमी होते, हे बघणे म्हणजे रायफल निवडणे.

ती वाढते धक्क्याने. .२४३ विंचेस्टर हे १९५५ चे काडतूस. मध्यम वजनाच्या रायफलीतून ते उडवले तर खांद्याला बसणारा धक्का साधारण १२ ते १४ ज्यूलचा असतो. .३०८ चा त्याच्या पावणेदोन पट भरतो आणि १९६३ पासून मिरवत असलेल्या .३०० विंचेस्टर मॅग्नमचा अडीच-तीन पट. रायफल जितकी हलकी तितका हा आकडा चढतो, आणि डोंगरात वाहून न्यायला हलकी रायफल बरी म्हणून लोक नेमकी तीच मॅग्नममध्ये घेतात. दुखणारा खांदा दोन दिवसांत बरा होतो. मनात बसलेली धास्ती मात्र जात नाही. चाप पूर्ण ओढला जाण्याआधीच डोळे मिटतात, अंग आकसते, नळी किंचित खाली जाते. नेमबाजी शिकवणारे हे दाखवायला एक साधी युक्ती करतात: शिकणाऱ्याच्या नकळत खऱ्या काडतुसांत एखादे खोटे मिसळून देतात. त्यावर चाप ओढला की आवाज होत नाही, धक्का बसत नाही, तरीही नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. त्या झुकण्याने शंभर मीटरवर गोळी एक वीत खाली जाऊ शकते. हरणाच्या बाबतीत एक वीत खाली म्हणजे मोडलेला पाय, आणि थोडी मागे सरकली तर पोटात लागलेली गोळी घेऊन जंगलात नाहीसे झालेले जनावर.

यावर धंद्याचे आणि पुरुषी तोऱ्याचे एक चमत्कारिक संगनमत आहे. .२४३ ही बायकामुलांची रायफल म्हणून विकली जाते आणि मुलांचे वडील त्याच रानात, त्याच हरणावर .३०० मॅग्नम घेऊन बसतात. हरणाचे वजन दोघांसाठी सारखेच असते, साठ ते शंभर किलो. मोठ्या बोअरचे प्रस्थ जुने आहे. आयडाहोचे एल्मर कीथ जड गोळीचे कैवारी होते, तर ‘आउटडोअर लाइफ’मध्ये वर्षानुवर्षे लिहिणारे जॅक ओकॉनर १९२५ च्या .२७० चे. दोघांचे भांडण शिकारी मासिकांच्या दोन पिढ्यांना पुरले. पुरावा मात्र ओकॉनर यांच्या बाजूने झुकतो. स्वीडन आणि नॉर्वेने १८९४ मध्ये स्वीकारलेले ६.५×५५ हे लष्करी काडतूस तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ मूससाठी, म्हणजे तीन-चारशे किलोच्या सांबराच्या भाऊबंदांसाठी, वापरले जात आहे. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी हजाराच्या आसपास हत्ती मारले, त्यातले बरेचसे ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने. हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो हे त्यांनी आधी शिकून घेतले होते. त्यांचा आदर्श ठेवून कुणी हत्तीपुढे लहान रायफल घेऊन जाऊ नये. पण गोळी कुठे लागते याला ती केवढी आहे याहून जास्त महत्त्व आहे, हे त्यातून कळते.

जिम कॉर्बेट मराठी वाचकाला परके नाहीत. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल त्यांना संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांकडून भेट मिळाली ती .२७५ रिग्बी, माउझर पद्धतीची बोल्ट-ॲक्शन. तिचे काडतूस म्हणजे बेल यांचेच ७ मिलिमीटर, इंग्रजी नावाने. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्याच रायफलीने संपला. जवळून अंगावर येणाऱ्या वाघासाठी कॉर्बेट यांच्याकडे .४५०/४०० ची दुनळीही होती, हे सांगायला हवे. बोअर वाढवण्याचे खरे कारण उलटून हल्ला करणारे जनावर हे आहे, आणि हरीण कुणावर उलटत नाही.

मोठ्या रायफलीच्या बाजूने सांगितला जाणारा मुख्य मुद्दा असा: नेम थोडा चुकला तरी जास्त ताकद तो सांभाळून घेते. हा मुद्दा ऐकायला समंजस वाटतो. पण पोटात लागलेली गोळी मॅग्नमची असली तरी पोटातच लागलेली असते. जनावर तासन्‌तास चालत राहते. शिवाय ज्या चुकीची भरपाई करायला ही ताकद घ्यायची, ती चूकच त्या ताकदीच्या धास्तीने वाढते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वायोमिंगच्या उघड्या माळावर तीनशे मीटरवर म्यूल हरीण उभे आहे, आडवा वारा सुटला आहे, तिथे .२४३ ची हलकी गोळी घेऊन काय करणार? हे मान्य. अशा ठिकाणी .२७० किंवा २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर घ्यावे. लांब, सडपातळ गोळीमुळे क्रीडमूर वाऱ्यात कमी भरकटते आणि तरीही .३०८ पेक्षा सौम्य धक्का देते. त्याच्या पुढचे अंतर असेल तर रायफल बदलण्याऐवजी दोन टेकड्या ओलांडून जवळ जावे. अंतर निवडण्याची मुभा शिकाऱ्याला असते, हरणाला नसते.

कायद्यांनी मात्र या प्रश्नाचे एकच टोक धरले आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्याने मोठ्या जातींसाठी किमान .२४० इंच बोअर आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंड ताकद लागते. जर्मनीत छोट्या रो हरणासाठी शंभर मीटरवर १००० ज्यूल, त्याहून मोठ्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर आणि २००० ज्यूल. कोलोरॅडोही किमान बोअर आणि ताकद ठरवून देते. ओहायोने, सपाट आणि दाट वस्तीच्या मुलखात गोळी फार दूर जाऊ नये म्हणून, सरळ भिंतीच्या काडतुसांचीच परवानगी दिली. विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड बाजारात आणले ते अशाच राज्यांकडे बघून. हे नियम योग्य आहेत. .२२ ने हरणाला छळण्यापासून ते वाचवतात. पण ते खालची मर्यादा सांगतात आणि वाचणारा त्यातून ‘जितके जास्त तितके चांगले’ असा अर्थ काढतो.

वरची मर्यादा नॉर्वेने वेगळ्या वाटेने गाठली आहे, आणि मला तीच खरी वाटते. तिथे मोठ्या जनावराच्या शिकारीला जायचे तर दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. आधी किमान तीस गोळ्यांचा सराव, मग शंभर मीटरवरच्या रेनडिअरच्या चित्रावर पाच गोळ्या, पाचही तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात. कुठली रायफल आणली आहे याला मर्यादित महत्त्व. ती तुम्हाला झेपते का, हे तिथे उघडे पडते. धक्क्याला बिचकणारा माणूस पैसे खर्चून आणलेली मॅग्नम परत ठेवतो आणि लहान बोअरकडे वळतो, कुणी उपदेश न करता.

हाच हिशेब खिशालाही लागू आहे. हजार-बाराशे डॉलर असतील तर मध्यम किमतीची रायफल घ्यावी, दुर्बिणीवर थोडे जास्त घालावेत आणि उरलेले काडतुसांवर. दस्त्याची लांबी बघावी: बाजारातले दस्ते साधारण पस्तीस सेंटिमीटरचे असतात आणि आपल्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाला ते लांब पडतात. मान पुढे काढून नेम धरला की दुर्बिणीची कड भुवईवर आदळते, आणि मग धास्ती बसायला मॅग्नमचीही गरज राहत नाही. गोळीचा धातू हाही निवडीचा भाग आहे. शिशाची गोळी फुटून तिचे बारीक कण मांसात पसरतात; २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेले हरणाचे मांस याच कारणाने परत घ्यावे लागले. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलीसाठीही. तांब्याची गोळी महाग पडते. ती मॅग्नमवर उधळायच्या पैशांतून सहज येते.

हे सगळे अमेरिकेचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणता येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात रोही आणि रानडुकरे पिके उद्ध्वस्त करतात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली, उभ्या पिकाला धोका असेल तर, त्यांना मारण्याची लेखी परवानगी देता येते. बिहारमध्ये मोकामा भागात २०१६ च्या जूनमध्ये दोनशेहून अधिक रोही मारल्या गेल्या तेव्हा केंद्रातले दोन मंत्री, मेनका गांधी आणि पुण्याचे प्रकाश जावडेकर, उघडपणे एकमेकांना भिडले. तो वाद मारावे की मारू नये याभोवतीच फिरत राहिला. आपल्या गावांत परवानाधारकाकडे बहुतेकदा बारा बोअरची बंदूक असते, फार तर आयुध निर्माणीची .३१५ बोल्ट-ॲक्शन. शस्त्र परवान्याच्या वेळी ते सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण मागितले जाते, हे चांगलेच; पण सुरक्षित हाताळणे आणि अडीचशे किलोच्या रोहीला एका गोळीत पाडणे यांत बरेच अंतर आहे. जखमी रानडुक्कर दुसऱ्या दिवशी उसात शिरलेल्या मजुराला भेटते, त्या वेळी परवानगीचा कागद कुणाच्या कामी येत नाही. शंभर मीटर, पाच गोळ्या, तीस सेंटिमीटरचे वर्तुळ, आणि बारा बोअरसाठी तीच परीक्षा तीस-चाळीस मीटरवर: एवढी अट घालायला नवा कायदा लागणार नाही. परवानगीच्या आदेशात एक वाक्य वाढवले तरी पुरे.