दोन पंचमी आणि जुनी पेटी

बहुतेक व्यापारी कुटुंबांत एक तरी पेटी अशी असते, जिच्यातील वस्तूंची नोंद कोणत्याही वहीत नसते. दुकानातील प्रत्येक गाठ आणि प्रत्येक थान खात्यावर चढलेले असते. परंतु पणजीने लग्नात आणलेले मोत्यांचे तोरण, आरसे जडवलेले चाकळ्यांचे जोड, जाड सुताची सोलापुरी चादर, पितळेचा पानदानासारखा डबा यांचा हिशेब घरातील एखाद्या वृद्धेच्या स्मरणात तेवढा असतो. ती गेली की वस्तू उरतात आणि त्यांची ओळख नाहीशी होते. मग जुने घर पाडून नवी इमारत उभी राहू लागते. सामान हलवण्याच्या घाईत पितळ वजनावर मोडीत जाते, भरतकाम भांडी देणाऱ्या बाईच्या टोपलीत पडते आणि नव्या सदनिकेच्या भिंतींसाठी बाजारातून 'जुन्या पद्धतीच्या' नव्या वस्तू विकत आणल्या जातात. हा व्यवहार एखाद्या मुनीमाने पेढीवर केला असता, तर त्याला त्याच दिवशी जाब विचारला गेला असता.

ऋतुमानानुसार घर सजवण्याची आवड अलीकडे पुष्कळ वाढली आहे. मासिकांतून आणि दूरचित्रवाणीवरून तिच्या कल्पना येतात. त्या बहुधा थंड प्रदेशांतल्या असतात. वास्तविक जैन परंपरेत वस्तू ऋतूप्रमाणे बाहेर काढण्याची, पारखण्याची आणि पुन्हा जपून ठेवण्याची एक जुनी रीत आहे. ती घरांची नसून ज्ञानभंडारांची आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुक्ल पंचमीला श्रुतपंचमी येते. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांच्या षट्खंडागमाच्या पूर्णतेशी हा दिवस जोडलेला आहे. त्या दिवशी शास्त्रे बाहेर काढून स्वच्छ करतात आणि त्यांची वेष्टने बदलतात. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुक्ल पंचमी ही ज्ञानपंचमी. त्या दिवशी पोथ्या उघडून, झाडून, हवा देऊन पुन्हा बासनात बांधल्या जातात. एक पंचमी पावसाच्या तोंडावर येते आणि दुसरी पाऊस सरल्यावर. जैसलमेरच्या भंडारातील अकराव्या-बाराव्या शतकांतील ताडपत्रे आजही वाचता येतात, त्यामागे कोरड्या हवेइतकाच कित्येक पिढ्यांच्या या नेमाचा वाटा आहे. जे पोथीला हितकारक ठरले, ते तोरणाला आणि गोधडीलाही हितकारक ठरते. घराचे वर्ष या दोन पंचमींवर बेतले, तर सजावट आणि जतन ही दोन वेगळी कामे उरत नाहीत.

ज्येष्ठातील पंचमी ही आवरण्याची वेळ. महाराष्ट्रात त्या सुमारास उन्हाची अखेर होत असते आणि हवेत ओल शिरण्याआधीचे थोडेच दिवस हाती असतात. भिंतीवरचे भरतकाम, दारावरची तोरणे, बैठकीवरची रंगीत आच्छादने या दिवसांत उतरवून ठेवणे हिताचे. पावसाळ्यात दमट कापडावर बुरशी धरते. जैन आचारात बुरशी ही निगोदाची, म्हणजे एकाच देहात वसणाऱ्या अनंत जीवांची जागा मानली आहे. एकदा ती धरली की पुसणे हीही हिंसाच. म्हणून ती उत्पन्नच होऊ न देणे हा यतनेचा मार्ग. कापड पूर्ण कोरडे असल्याची खात्री करून मगच ते पेटीत जावे. पांढरे सुती कापड आणि गोधड्या यांना कडक ऊन चालते. रंगीत भरतकामाला मात्र सावलीतील वाराच पुरतो. उन्हाने त्याचे रंग विटतात. झटकण्यापूर्वी घड्या उलगडून मऊ पुंजणीने हलकेच पुंजून घ्यावे, म्हणजे आत एखादा जीव असेल तर त्याला इजा न होता बाजूला होता येते.

डांबराच्या गोळ्यांचा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. त्या कीटक मारण्यासाठीच बनवलेल्या असतात. ज्या घरात पाणी गाळून जिवाणी जपून मूळ जलस्थानी पोचवण्याची परंपरा आहे, त्या घराच्या कपाटात त्या शोभत नाहीत. वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाची पूर्ण वाळलेली पाने, लवंगा यांची पुरचुंडी जुन्या मलमलीत बांधून कपड्यांच्या मध्ये ठेवण्याची पद्धत पूर्वापार आहे. तिच्या उग्र वासाने कीटक दूर राहतात. पुरचुंडी थेट भरतकामावर ठेवू नये, डाग पडतात. आरसे किंवा मोती असलेल्या कापडाची घडी घालण्यापेक्षा त्याची गुंडाळी करावी आणि भोवती धुतलेले पांढरे सुती कापड लपेटावे. घडीच्या रेषेवर धागा आधी तुटतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून ती टाळावी. पोथ्यांच्या भंडारांनी कापडी बासन पसंत केले, यामागे हाच अनुभव आहे.

आषाढ शुक्ल चतुर्दशीपासून चातुर्मास सुरू होतो. साधुसाध्वी एका ठिकाणी स्थिर होतात आणि घरेही काहीशी अंतर्मुख होतात. या चार महिन्यांची सजावट म्हणजे मोकळेपणा. पुसायला सोपी फरशी, उघड्या भिंती, स्वाध्यायासाठी एक चटई, एक लाकडी ठवणी आणि चांगला उजेड एवढे पुरे. पर्युषणाचे आठ दिवस असोत वा दशलक्षणाचे दहा, त्या काळात घरातील वस्तू जितक्या कमी, तितके मन मोकळे. या दिवसांत शोभा असते ती उपाश्रयात. तेथे मुनींच्या पाटामागे लावलेली जरीची पुठिये, वरचा चंदरवा, उजमण्याच्या निमित्ताने मांडलेले छोड यांवर अष्टमंगले आणि चौदा स्वप्ने भरलेली असतात. कित्येक घरांतील स्त्रियांनी आपली सर्वोत्तम कला स्वतःच्या बैठकीसाठी न वापरता तेथे अर्पण केली, हे त्या कापडांकडे पाहताना लक्षात घेण्यासारखे आहे.

पाऊस सरतो, दिवाळी येते आणि पेटी उघडते. सौराष्ट्रातून महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांत या पेटीचे खरे धन म्हणजे भरतकाम. दारावर पानांच्या आकाराच्या झालरीचे तोरण. भिंतीवर जोडीने लावायचे चौकोनी चाकळे. मागच्या भिंतीवर उंचावर आडवी जाणारी लांब पछीतपाटी. मोतीभरताची कथा तर थेट व्यापाराची आहे. त्यातील बारीक काचमणी इथले नव्हेत. व्हेनिसमध्ये घडलेले हे मणी पूर्व आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या गुजराती व्यापाऱ्यांच्या हातून एकोणिसाव्या शतकात काठियावाडात पोचले आणि तेथील स्त्रियांनी त्यांतून हत्ती, मोर व फुलवेली विणल्या. जे आज केवळ शोभेचे वाटते, ते एके काळच्या समुद्रव्यापाराचे पावतीपुस्तक आहे. असे तोरण वर्षभर टांगून ठेवले तर धूळ आणि प्रकाश यांनी ते झिजते. दिवाळी ते माघ एवढेच ते बाहेर राहिले, तर नातसुनेच्या गृहप्रवेशालाही उपयोगी पडते. मण्यांचा भार जुन्या दोऱ्यावर पडू नये म्हणून वरच्या काठाला मागून सुती पट्टी शिवावी आणि ती पट्टी दांडीवर चढवावी. खिळे कापडात ठोकू नयेत.

वहीपूजनासाठी मांडलेली गादी ही व्यापारी घरातील सर्वांत देखणी बैठक. पांढरीशुभ्र खोळ, दोन तक्के, उतरते बैठे मेज आणि लाल कापडी बांधणीच्या वह्या, याहून अधिक काही मांडण्याची गरजच पडत नाही. शेजारी आजोबांची वजने ठेवता येतात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि शेर, पावशेर, अदपाव ही पितळी व लोखंडी वजने फळीवर जाऊन बसली. ती घासूनपुसून एका ओळीत मांडली आणि सोबत जुना एक आणा ठेवला, तर घरातील मुले आपणहून प्रश्न विचारतात. मणाचे शेर किती आणि रुपयाचे आणे किती, हे त्यांना त्या निमित्ताने कळते. दिवाळीसाठी काढलेल्या सर्व वस्तू ज्ञानपंचमीला एकदा नीट पाहाव्यात: कोठे दोरा सुटला, कोठे आरसा निखळला. दुरुस्ती त्याच आठवड्यात झाली, तर ती टाक्यावर निभावते.

हिवाळा गोधडीचा आणि चादरीचा. गोधडी हे काटकसरीचे सर्वांत सुंदर रूप होय. धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या व धोतरे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने जोडलेली ही वस्तू लोकरीवाचून आणि रेशमावाचून ऊब देते. तिच्यात कोणाची साडी, कोणाचे धोतर आहे हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर ते लिहून घ्यावे. भौगोलिक मानांकन लाभलेली सोलापुरी चादर आणि जुनी गोधडी पलंगाच्या पायथ्याशी घडी करून ठेवली, तर थंडीसाठी वेगळी सजावट लागत नाही. उन्हाळ्यात हे सर्व जाऊन मलमल, खादी, वाळ्याचे पडदे आणि तांब्याचा हंडा पुढे येतो. हंड्यावरचे दुहेरी, घट्ट विणीचे, स्वच्छ गळणे ही जैन घराची खरी ओळख. घरातील कोणत्याही भरजरी कापडापेक्षा त्याच्या शुभ्रतेकडे अधिक लक्ष दिले जावे.

पेटी रिकामी असलेल्या घरांनी काय करावे? पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, अहमदाबादची रविवारी येथे जुन्या वस्तू अजून मिळतात. खरेदीत व्यापारी नजर कामी येते. भरतकाम उलटे करून पाहावे. हाताच्या टाक्यांत बारीक असमानता असते, यंत्राचे टाके एकसारखे धावतात. ओल्या पांढऱ्या चिंधीने कोपरा पुसून रंग सुटतो का ते तपासावे. जुनी तोरणे कापून उशांचे अभ्रे केलेले दिसतात. ते घेतल्याने आणखी तोरणे कापली जातात.

काही वस्तूंपुढे मात्र हात आखडलाच पाहिजे. हस्तिदंत कितीही जुने असल्याचे सांगितले, तरी वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. आणि कायदा नसता तरी अहिंसेचा नियम होताच. शहातूशच्या शालीचेही तेच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. त्यांची खाजगी निर्यात करता येत नाही, विक्रीला परवाना लागतो आणि मूर्तींसारख्या काही वस्तूंची नोंदणी करावी लागते. जिनप्रतिमेचा प्रश्न कायद्याच्याही पलीकडचा आहे. कोठल्या तरी मंदिरातून निघालेली पंचधातूची प्रतिमा दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात दिव्यांच्या प्रकाशात मांडणे ही सजावट नव्हे, आशातना आहे. अशी प्रतिमा विक्रीला दिसली, तर ती घरी आणण्यापेक्षा संघाच्या जाणकारांच्या कानावर घालणे योग्य.

रेशमाबाबत घराघरांत मतभेद आढळतो. पारंपरिक रीतीने रेशीम काढताना कोशातील जीव मारला जातो, म्हणून अनेक कुटुंबांनी नवे रेशीम घेणे सोडले आहे. परंतु पणजीचे पाटोळे किंवा रेशमी भरताचा चाकळा यांचे काय करावे? काही जण ते घरात ठेवीत नाहीत. काही जण नवे न घेण्याचा नियम करून जुने जपतात. दोन्ही भूमिकांमागे विचार आहे. मात्र ते कचऱ्यात टाकल्याने कोणताही जीव वाचत नाही. अशा वस्तूसाठी संग्रहालयाचा मार्गही खुला आहे. गौतम आणि गिरा साराभाई या जैन कुटुंबातील भावंडांनी १९४९ मध्ये अहमदाबादेत कॅलिको वस्त्रसंग्रहालय उभारले. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर दिवे, अडकित्ते, कुलपे अशा घरगुती वस्तूंनीच दालने भरली आहेत.

शेवटी प्रश्न परिमाणाचा. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात मर्यादा घालायच्या परिग्रहांत 'कुप्य' येते, म्हणजे घरातील भांडीकुंडी आणि वस्त्रादी सामान. जुन्या वस्तूंचा संग्रह हाही संग्रहच. त्याला 'वारसा' म्हटल्याने तो परिग्रहातून सुटत नाही. एक पेटी, एक फळी, एक दार अशी मर्यादा कुटुंबाने आपसांत ठरवावी. नवी वस्तू आली तर एखादी जुनी नात्यात, संघात किंवा संग्रहालयात जावी. आणि वहीची दोन पाने या पेटीच्या नावे घालावीत: वस्तू कोणती, कोणी केली, कोठून आली, कोणत्या वर्षी दुरुस्त झाली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला शेजारी बसवून ही नोंद करण्यास एक दुपार पुरते. येत्या पंचमीपर्यंत ते काम उरकले, तर पुढच्या पिढीच्या हाती वस्तूबरोबर तिचे खातेही येईल.