पंखा ओढणाऱ्याची गोष्ट कोण लिहिणार?



जमिनीच्या पत्रकात कादंबरीचं काय काम, असं काही जण म्हणतील. दाव्यांचं लिहा, गोष्टी शहरातल्या लोकांना राहू द्या. आम्हाला तसं वाटत नाही. आपली जमीन आधी कागदावरून गेली, मग पायाखालून गेली. म्हणून कागदावर आपल्याबद्दल कोण काय लिहितो, हे आपण बघितलंच पाहिजे.

फॉर्स्टर नावाच्या इंग्रज लेखकाची १९२४ सालची 'ए पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी लय गाजलेली. राज्य साहेबाचं आहे तोवर साहेब आणि शिकलेला हिंदुस्थानी यांची दोस्ती टिकत नाही, असं ती सांगते. ते खरंच आहे. डॉक्टर अझीझवर खोटा आळ येतो, खटला उभा राहतो. त्या कोर्टात एक गरीब माणूस पंखा ओढत बसलेला असतो. खटला मोडतो, लोक निघून जातात, तरी तो दोरी ओढतच राहतो. त्याच्या तोंडी एक शब्द नाही.

आपली जागा तिथं आहे. साहेब आणि बाबू यांच्या मधली भिंत सगळ्यांनी पाहिली. त्या दोघांच्या आणि आपल्या मधली भिंत कोणी पाहिली?

महाश्वेता देवींनी पाहिली. त्यांच्या बंगाली कादंबरीचं नावच 'अरण्येर अधिकार', म्हणजे जंगलाचा हक्क. तिला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती बिरसा मुंडांची गोष्ट आहे. ज्याच्या पूर्वजानं झाडी तोडून शेत केलं, जमीन त्याच्या वंशाची, हा मुंडांचा खुंटकट्टीचा नियम. इंग्रजी राजवटीत तिथं जमीनदार आणि सावकार मालक झाले. मुंडा कोर्टात गेला तर कोर्टाला त्याची भाषा येईना आणि त्याला कोर्टाचा कागद वाचता येईना. ९ जून १९०० रोजी बिरसा रांचीच्या तुरुंगात वारले. वय पंचविशीच्या आसपास, म्हणजे आमच्याच वयाचे. त्यांच्या उलगुलानानंतर १९०८ च्या कायद्यात सरकारला खुंटकट्टी मान्य करावी लागली.

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? इंग्रजांच्या १८७८ आणि १९२७ च्या जंगल कायद्यांनी हक्काची सवलत केली. वहिती करणारा अतिक्रमणदार झाला. साहेब गेला, त्याचा शब्द राहिला. तोच शब्द आज आपल्या दाव्यावर मारतात.

पण २००६ च्या वनहक्क कायद्यानं सुरुवातीलाच कबूल केलं आहे, की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. त्याच्या नियमांत लिहिलं आहे, की दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला, तर तो पुरावा धरायचा. जुने बांध, विहिरी, दफनाच्या जागा, देवाच्या जागा, हेही पुरावेच. म्हणजे आजी-आजोबा रात्री सांगतात ती गोष्ट कायद्याच्या कामाची आहे. "फक्त सरकारी कागद आणा" असं कोणी म्हणालं, तर त्याला हा नियम दाखवा.

मात्र एक लक्षात ठेवा. जबाबात तिखटमीठ नको. जे पाहिलं, जे केलं, तेवढंच. कल्पनेला कादंबरीत जागा आहे, आणि तीही आपल्याच पोरापोरींनी लिहावी. नजुबाई गावित यांनी 'तृष्णा' लिहिली. त्या आपल्यातल्याच, चळवळीतल्या. महाश्वेता देवी बाहेरून आल्या, त्यांचे उपकार आहेत. पण दर गावाला महाश्वेता देवी कुठून येणार?

म्हणून आसेगाव भागातल्या शिकलेल्या पोरापोरींना आमचं सांगणं आहे. वही घ्या आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कोणता बांध कोणी घातला, कोणती वाट कोणी बंद केली, कोणाला कुठं पुरलं, सगळं त्यांच्याच बोलीत लिहा. ग्रामसभेत वाचून दाखवा, वनहक्क समितीकडे द्या. एक म्हातारं माणूस गेलं की एक पुरावा गेला.

पंखा ओढणाऱ्यानं आता दोरी सोडावी आणि पेन धरावा.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!