जुन्या बसला रंग नको, वेळापत्रक हवे

जुन्या बस संग्रहालयात ठेवणे म्हणजे भंगारावर पैसा घालणे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला पटत नाही. मुंबईची शेवटची साधी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली, तेव्हा ती जपण्याची मागणी झालीच. पण नुसती जपून भागत नाही. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते: टायर एकाच जागी दबतात, ब्रेक धरून बसतात, आणि ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्याला टेकतो तिथे ओल धरून आतून गंज चढतो. वरून रंग चकचकीत असतो. म्हणून आधी पत्रा उघडून तपासणी, नोंदी व छायाचित्रे, मग सांगाडा, मग यंत्र. रंग सर्वांत शेवटी.

सुटे भाग मिळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला' रेल्वेचे मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. हे नियमित देखभालीशिवाय शक्य नव्हते. खर्चाचे म्हणाल, तर दरमहा इंजिन सुरू करणे, तेल बदलणे आणि पावसाळ्यापूर्वी छत तपासणे हे दहा वर्षांनी सगळी बॉडी नव्याने बांधण्यापेक्षा स्वस्तच पडते. आणि जाणकारांचे म्हणाल, तर एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तिच्या पिढीच्या गाड्या हाताळलेले मेकॅनिक आता थोडेच उरले असतील. महामंडळाने त्यांच्याकडून माहिती आजच लिहून घ्यावी.

— एक वाचक, यवतमाळ