बॅटरीला उकळलेलं पाणी चालत नाही



आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी अकाली गेली. वीज गेली की पाच मिनिटांत सगळं बंद. चूक माझीच. पाणी कमी झालं की मी गाळून उकळलेलं पाणी घालायची, ‘शुद्ध’ म्हणून! उकळून पाणी प्रासुक होतं, पण त्यातले क्षार तसेच राहतात आणि आतल्या शिशाच्या पट्ट्या खराब करतात. तिला डिस्टिल्ड वॉटरच हवं, तेही वरच्या खुणेपर्यंतच. ॲसिड मात्र कधीच घालू नका.

आणखी एक. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, पेट घेणारा वायू. आमची बॅटरी देवघराला लागून होती, समईपासून हातभर! आता खिडकीजवळ हलवली.

‘हे पुरुषांचं काम’ हे मला पटत नाही. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये आपल्या पाबळमध्येच विज्ञान आश्रम काढला, हातानं काम करत शिकण्यासाठी. मग आपणच का मेकॅनिकची वाट पाहायची? स्विच बंद करून, हातमोजे घालून दर महिन्याला पातळी बघायला दहा मिनिटं लागतात. लोणच्याची बरणी आपण याहून जास्त वेळा बघतो.