बुटाची पकड

मुलांनो, २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने स्नोबोर्डवर सुवर्णपदक मिळवलं, ते कडक प्लॅस्टिकचे बूट घालून. हे बूट फळीला धरून ठेवते ती ‘बाइंडिंग’. तिला पुढेमागे जाड तारेचे दोन आकडे आणि एक खटका असतो.

नवी बाइंडिंग महाग. नवशिक्याला वापरलेलीही चालेल, पण स्वस्तात मिळते म्हणून जुनी प्लॅस्टिकची नको हं! जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, थंडीत आणखीच. भर वेगात तुटलं, तर एक पाय मोकळा आणि दुसरा फळीत अडकलेला! गुडघ्याचं काय होईल? त्यापेक्षा धातूची घ्यावी. तडा नाही ना, ते बघावं. आपलाच बूट अडकवून खटका लावून पाहावा, जरासुद्धा हलता कामा नये. टाच आपोआप अडकवणारीही मिळते, पण तिला खास टाचेचा बूट लागतो, म्हणजे खर्च वाढलाच की! स्क्रू फळीच्या भोकांत बसतात का, हे पैसे देण्याआधी पाहायचं.