‘देवळात’ टाका, देऊळ सापडतं का बघा

मागच्या महिन्यात एक विक्रेते आमच्या कचेरीत आले होते. घरच्या संगणकासाठी तयार केलेला मराठी-इंग्रजी कोश त्यांना दाखवायचा होता. “लाखाच्या वर शब्द आहेत,” असं ते चहा येईपर्यंत दोनदा म्हणाले. टेबलावर प्रूफं पसरलेली होती. वरच्याच पानावरचा एक शब्द मी टाकला : ‘देवळात’. शब्द उपलब्ध नाही, असं उत्तर आलं. ‘देऊळ’ टाकल्यावर मात्र अर्थ, लिंग, उच्चार सगळं व्यवस्थित दिसलं. “मूळ शब्द टाकायचा असतो, साहेब,” ते म्हणाले.

देऊळ मला माहीत होतं, म्हणून निभावलं. त्याच प्रुफांत पुढे ‘मोटेच्या धावेवर’ असं होतं. शहरात वाढलेल्या अनुवादकानं इथे मूळ शब्द कोणता धरायचा? धावा, धावे, की धावणे? विहिरीवरची मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात ती ‘धाव’, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कोश उघडायची गरजच नाही. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात फक्त ‘धावेवर’ आहे.

घरच्या संगणकावर कोणता कोश आणि कोणता पर्यायकोश घ्यावा, अशी विचारणा करणारी पत्रं अनुवादक आणि मुद्रितशोधक वाचकांकडून अधूनमधून येतात. तयार नाव सांगा, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. नाव सांगण्यापेक्षा तपासायचं कसं ते सांगणं आम्हाला जास्त उपयोगाचं वाटतं. आपल्या चालू कामातले पंधरा-वीस शब्द पानावर जसे आहेत तसे, विभक्तीसकट, टाकून बघावेत. सशाला, काट्यावर, पावसात, विहिरीत. मराठी नाम पानावर मूळ रूपात फार कमी वेळा बसलेलं असतं. त्याचं सामान्यरूप होतं आणि त्यावर प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चढतं. ‘सशाला’वरून ‘ससा’कडे जाता न येणाऱ्या कोशात शब्द लाख असोत की दोन लाख, आपल्या कामाला ते अर्धेच येणार. शब्दसंख्या खोक्यावर छापायला बरी असते.

दुसरी परीक्षा लेखनाची. मराठीतले मोठे कोश जुने आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे मंडळींच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी १९५० साली. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण हे कोश त्याआधीचे. त्यांत ‘कांहीं’ आहे, ‘नांव’ आहे. तुम्ही ‘काही’ टाकलंत आणि प्रणालीला अनुस्वाराकडे दुर्लक्ष करता येत नसेल, तर कोशात असलेला शब्द तुम्हाला नाही म्हणून सांगितला जाईल. नवखा माणूस त्यावर विश्वास ठेवून मोकळा होतो.

याहून छुपी अडचण टंकनाची आहे. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो : नुक्तावाला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’ची कथाही तशीच. त्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तोवरच्या फायलींत ‘अ’वर चंद्र देऊन नाहीतर हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरून काम भागवलेलं आहे. शोध लागत नाही म्हणून कोशकाराला बोल लावण्याआधी हे एकदा पाहावं.

आणि जमलं तर शब्दांची यादी उघडून ‘ळ’ कुठे बसवलाय ते बघावं. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये. ‘काळ’ हा शब्द ‘काहिली’च्या आधी आला, तर ती यादी मराठी माणसाच्या नजरेखालून गेलेली नाही एवढं नक्की कळतं.

आता माल कुठला भरायचा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पात मोल्सवर्थ, दाते, वझे, मॅक्सीन बर्नसन यांचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश असे सगळे शोधण्याजोग्या रूपात आहेत, तेही विनामूल्य. महाजालावरच्या त्या पानाची खूण करून ठेवली नाही असा व्यावसायिक अनुवादक आज नसावा. दात्यांचा कोश वापरताना मात्र त्याच्या संक्षेपांची यादी शेजारी हवी. शब्दापुढचं (व.) म्हणजे वऱ्हाडी, (गो.) म्हणजे गोमंतकी, (राजा.) म्हणजे राजापुरी. ते न वाचता अर्थ उचलला की राजापूरचा शब्द खामगावच्या शेतकऱ्याच्या तोंडी जातो. असं छापून आलेलं आम्ही वाचलं आहे. एकदा तर ते आमच्याच अंकात होतं.

कायद्याचं आणि सरकारी काम करणाऱ्यांना एवढ्यावर भागवता येणार नाही. करारातल्या ‘कन्सिडरेशन’ला सामान्य कोश विचार, आदर, मोबदला असं काहीही देतील, कायद्याच्या मराठीत त्याला ‘प्रतिफल’ म्हणतात. त्यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हवेत, शासनव्यवहार आणि न्यायव्यवहार हे तर हवेतच. त्यांतले काही शब्द ऐकून आपण हसतो. पण अशिलाचा कागद न्यायालयात जायचा असेल, तर हसणं बाहेर ठेवावं.

हे सगळं एका खिडकीत बघायला मिळावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी गोल्डनडिक्ट वापरून पाहावा. तो स्वतः कोश नाही, निरनिराळ्या स्वरूपांतले कोश वाचणारा विनामूल्य प्रोग्राम आहे. एक शब्द टाकला की भरलेल्या सगळ्या कोशांतल्या नोंदी एकाखाली एक येतात. स्वतःची शब्दसूची साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठराविक पद्धतीने लिहिली की तीही तो कोश म्हणून उघडतो. हा गुण आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो. मात्र चोरलेल्या ऑक्सफर्डच्या फायली त्यात भरून बसणारे आपल्याच व्यवसायात पुष्कळ आहेत. शब्दामागे किती पैसे मिळावेत यावर आपण इतकं बोलतो. कोशकारही शब्दांवरच जगतो.

पर्यायकोशाचा भाग थोडक्यात आटोपतो, कारण मराठीपुरतं सांगण्यासारखंच थोडं आहे. इंग्रजीला १८५२पासून रॉजेचा पर्यायकोश आहे, शिवाय प्रिन्स्टनमध्ये जॉर्ज मिलर यांनी १९८५ साली सुरू केलेलं, शब्द अर्थगटांत मांडणारं वर्डनेट आहे. बाजारातले कितीतरी इंग्रजी पर्यायकोश वर्डनेटच्याच पायावर उभे आहेत, त्यामुळे तेच धान्य दोन पोत्यांतून विकत घेण्यात अर्थ नाही. त्यांतला वर्डवेब घरी वापरायला चांगला आहे. त्याच्या फुकट आवृत्तीची अट मोठी मजेची : वर्षातला विमानप्रवास ठराविक मर्यादेच्या आत असणाऱ्यांनीच ती वापरावी. मराठी अनुवादकाला ही अट अडचणीची ठरण्याचा संभव कमी.

मराठीचं वर्डनेट मुंबईच्या आयआयटीत तयार झालं. हिंदी वर्डनेटमधले अर्थगट घेऊन त्यांत मराठी शब्द बसवत ते वाढवलं गेलं. काम मोलाचं आहे, पण ही घडण लक्षात ठेवून वापरावं. अरविंद कुमार आणि कुसुम कुमार यांचा १९९६चा ‘समांतर कोश’ हिंदीत आहे आणि तो चाळताना असूया वाटते. मात्र तिथला शब्द तसाच उचलायचा नाही. हिंदीतली ‘शिक्षा’ शाळेत मिळते आणि आपली तुरुंगात. शाळेतही मिळते म्हणा. आजकाल यंत्राला विचारलं की ते क्षणात दहा पर्याय पुढे टाकतं. ते शब्द कोणत्या भागात, कोणाच्या तोंडी आहेत याचा ठावठिकाणा मात्र लागत नाही. आठवण जागी करायला ठीक, त्याच्या भरवशावर मजकूर छपाईला पाठवू नये.

शेवटी टिकाऊपणाचं बोलायला हवं, कारण पैसे इथेच बुडतात. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही हौसेनं एका कोशाची सीडी घेतली. प्रोग्राम सोळा बिटांचा, अक्षरं त्या कंपनीच्या खाजगी फॉन्टमधली. संगणक बदलला, विंडोज चौसष्ट बिटांचं आलं आणि कोश उघडेनासा झाला. आतला मजकूर खटपट करून बाहेर काढला तर रोमन अक्षरांचा भुसा हाती आला. कंपनीचा दूरध्वनी तोवर बंद झाला होता. महाजालावरचे कोश तरी अमर आहेत असं समजू नका. ऑक्सफर्डच्या नोंदी फुकट दाखवणारं लेक्सिको ऑगस्ट २०२२मध्ये मिटलं. मॅकमिलननं छापील कोश बंद करून सगळा भार महाजालावर टाकला होता. ती जागाही जून २०२३च्या अखेरीस बंद झाली. म्हणून विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : वीज आहे पण जोडणी गेली आहे अशा दिवशी हा कोश उघडेल का, आणि आपण त्यात भरलेले शब्द युनिकोडमध्ये बाहेर काढता येतील का. दुसऱ्याचं उत्तर नकारार्थी असेल, तर घेऊ नये. दहा वर्षं जमवलेली शब्दसूची हीच आपली खरी कमाई असते, आणि कुठल्याही दुकानात ती पुन्हा मिळत नाही.

परवा त्या विक्रेत्यांचा फोन आला. माणूस मेहनती आहे. प्रोग्राममध्ये सुधारणा केली, आता ‘देवळात’ सापडतं, म्हणाले. मी त्यांना ‘धावेवर’ टाकून बघायला सांगितलं. कळफलकाचा आवाज आला, मग थोडी शांतता.

“साहेब,” ते म्हणाले, “पळणे असं दाखवतंय.”